वळणावरचे सासरे

चष्मेवाल्याच्या गाडीत बसणं हे आयतोबाचं काम नव्हतं. इतरांच्या गाडीत माणूस बसला की बसला. मग झोपा काढा, नाहीतर खिडकीबाहेर बघत बसा, कुणी काही म्हणत नाही. या गाडीत प्रत्येकाला नेमून दिलेलं काम होतं. गाडी उंच आणि अरुंद, आगपेटी उभी करून ठेवावी तशी. तिच्या स्प्रिंगा इतक्या मऊ होत्या की साध्या वळणावर ती बाहेरच्या अंगाला कलायची आणि फुटपाथवरची माणसं आपोआप मागे सरायची. म्हणून वळण आलं की आतल्या सगळ्यांनी एकदम वळणाच्या बाजूला झुकायचं, असा घरचा नियम होता. वळण डावं तर सगळे डावीकडे, उजवं तर सगळे उजवीकडे. चालवणाऱ्यालासुद्धा यातून सूट नव्हती.

हुकूम द्यायचे सासरे. मागची अख्खी सीट त्यांची. वळण दिसलं की ते आधी घसा साफ करायचे, मग "डावं" म्हणायचे आणि स्वतःचा सगळा देह घेऊन सीटच्या डाव्या टोकाला जाऊन आदळायचे. देह चांगला भरभक्कम होता. सीटचं कापड येण्याजाण्यानं गुळगुळीत झालं होतं आणि सासरे त्यावरून इतक्या सफाईनं घसरायचे की पाहणाऱ्याला कौतुक वाटावं. पुढे त्यांची मुलगी, म्हणजे चष्मेवाल्याची बायको, मांडीवर पिशवी धरून झुकायची. स्टिअरिंगला लोंबकळत चष्मेवाला झुकायचा. तिघं झुकली की गाडी थोडीफार शुद्धीवर यायची आणि वळण पार पडायचं.

हुकमाचं काम आधी चष्मेवाला स्वतः करायचा, पण ते त्याच्या अंगाशी आलं. दिवसभर त्याच्यासमोर गिऱ्हाईक बसलेलं. गिऱ्हाइकाचा उजवा डोळा याच्या डाव्या हाताला आणि डावा डोळा उजव्या हाताला. वर्षानुवर्षं समोरच्याचं डावं-उजवं बोलून बोलून त्याच्या तोंडात ते कायमचं उलटं बसलं होतं. हात बरोबर वळायचे, तोंडातून मात्र भलतंच यायचं. तो ऐन डाव्या वळणावर "उजवं" म्हणाला, बायको इमानानं उजवीकडे झुकली, आणि गाडीची दोन चाकं नाल्याच्या काठावर गेली. त्या वेळी मागे सासरे बसलेले होते. त्यांनीच ओरडून सगळ्यांना डावीकडे खेचलं म्हणून सगळे कोरडे राहिले.

तेव्हा सासरे फक्त आठ दिवसांसाठी आले होते. सासूबाई गेल्यावर त्यांचं घर त्यांना खायला उठत होतं, म्हणून मुलीनं त्यांना आणलं. ते एक बॅग घेऊन आले आणि आल्याआल्याच त्यांनी सांगून टाकलं की मुलीच्या घरी फुकट राहणं आपल्याला पटत नाही, आपला इथे काही उपयोग नाही, आठ दिवस झाले की आपण निघणार. नाल्याच्या प्रसंगानंतर निघायचा दिवस आला तेव्हा मुलगी सहज म्हणाली, बाबा, उद्या आम्हाला बाजारात जायचंय, वळणं कोण सांगणार? सासऱ्यांनी विचार केला आणि बॅग पलंगाखाली सरकवली. त्याला आता दोन वर्षं होत आली होती. ते आठ दिवस काही संपले नव्हते. सासऱ्यांनी कपाटात एक कप्पाही घेतला नाही. शर्ट बॅगेतून काढायचे, घालायचे, धुऊन वाळला की पुन्हा बॅगेत. रविवार आला, बाजार आला, कुणाचं लग्न आलं की गाडी निघायची, आणि गाडी निघाली की सासरे लागायचे. वाकड्या गाडीच्या आधारानं तो माणूस त्या घरात टिकून होता. हे बायकोला ठाऊक होतं आणि सासऱ्यांना ठाऊक होतं. चष्मेवाल्याला मात्र गाडी तेवढी वाकडी दिसत होती.

सासऱ्यांचं आधीचं आयुष्यही सांगायला हवं. ते एका मोठ्या कचेरीत लिफ्टमन होते. पितळी दांडा त्यांच्या हातात असायचा, आणि तो किती ओढला की लिफ्ट नेमकी मजल्याच्या फरशीला येते हे त्यांच्या मनगटाला कळायचं. पुढे बटणांची लिफ्ट आली. साहेबलोक मनानं चांगले, त्यांनी यांना काढलं नाही. स्टूल तसंच ठेवलं, सासऱ्यांना त्यावर तसंच बसू दिलं, आणि लोक त्यांच्या खांद्यावरून हात घालून स्वतःच बटण दाबू लागले. निवृत्त होईपर्यंत ते तसे वर-खाली होत राहिले. त्याबद्दल ते कधी बोलत नसत. मात्र घरात कुणी नवं यंत्र आणलं की ते गुपचूप उठून खोलीत जायचे.

आता या सगळ्यात विघ्न आणलं ते साडूनं. साडू, म्हणजे बायकोच्या ताईचा नवरा, डोंगरावर राहायचा. त्याचा बंगला अगदी शेवटच्या वळणावर आणि बाल्कनी बरोबर त्या वळणावर उघडणारी. त्याची स्वतःची गाडी रुंद, बुटकी, रस्त्याला चिकटलेली. दर रविवारी ही मंडळी जेवायला निघाली की तो बाल्कनीत कोपर टेकून उभाच असायचा, आणि शेवटच्या वळणावर तीन माणसं एका बाजूला ओणवी होऊन येताना पाहून त्याचा दिवस साजरा व्हायचा. चष्मेवाला हे सगळं गिळत होता. पण एका रविवारी साडू जेवताना सगळ्यांदेखत म्हणाला, "तुम्ही दिलेल्या चष्म्याचा नंबर चुकला असं वाटलं मला. सगळं तिरकं दिसत होतं. मग तुमची गाडी थांबली तेव्हा कळलं, नंबर बरोबर आहे."

गाडीवर बोलला असता तर एक वेळ चाललं असतं. यानं गाडी आणि धंदा दोन्ही एका दगडात पाडले. चष्मेवाला घास तोंडात धरून बसला. सोमवारी दुकान उघडायच्या आधी तो गॅरेजात हजर होता.

गॅरेजवाल्याला सगळे उस्ताद म्हणत. उस्तादला जवळचं दिसत नव्हतं आणि चष्मा घातला तर तो टिकत नव्हता, कारण त्याचं निम्मं आयुष्य गाडीखाली उताणं पडून जायचं आणि उताण्या माणसाचा चष्मा कपाळावरून मागे पळतो. चष्मेवाल्यानं त्याला मागून पट्टा असलेला चष्मा करून दिला होता. तेव्हापासून उस्ताद त्याला डॉक्टर म्हणायचा आणि त्याचं काम आधी घ्यायचा.

उस्तादनं गाडी रॅम्पवर चढवली, खालून ठोकून पाहिली, आणि आधी टायरांतली हवा आणि सांध्यांतले झिजलेले रबरी बुश यांच्यावर ताशेरे ओढले. हे दुखणं आहे, म्हणाला, हे आधी बरं करू, सुधारणा त्यानंतर. बुश बदलून झाल्यावर सुधारणेच्या तीन वाटा त्यानं सांगितल्या. एक, आखूड आणि कडक स्प्रिंगा. गाडी बसकी होते, कमी कलते. दोन, कडक शॉकअप. गाडी हेलकावत नाही. तीन, एक जाड पोलादी दांडा, दोन्ही बाजूंच्या चाकांना खालून आडवा जोडणारा; एक बाजू कलायला लागली की तो पीळ खातो आणि तिला दुसऱ्या बाजूच्या जोरावर धरून ठेवतो. योगायोगानं तसल्याच मॉडेलची एक गाडी त्याच्याकडे मोडीत आली होती आणि तिच्या हौशी मालकानं हे तिन्ही बसवून घेतले होते. डॉक्टरला घालून बघायचं असेल तर उस्तादची ना नव्हती. अट एकच.

"एका वेळी एकच बदलायचं. तिन्ही एकदम घातले तर कशानं काय झालं ते देवालाही कळणार नाही."

चष्मेवाल्याला हे इतकं पटलं की त्याला उस्तादच्या गळ्यात पडावंसं वाटलं. त्याचा सगळा धंदाच यावर उभा होता. एक काच घालायची, विचारायचं; दुसरी घालायची, विचारायचं; हे बरं की आधीचं? तो घरी गेला आणि त्यानं जाहीर केलं की आपल्या गाडीची पहिली सुधारणा कोणती, हे आपण डोळे तपासतो तसं तपासून ठरवणार आहोत. बायकोनं वडिलांकडे पाहिलं. वडील उठून खोलीत गेले.

पहिल्यांदा स्प्रिंगा बसल्या. गाडी इतकी खाली गेली की आत शिरताना सासऱ्यांना आधी बसावं आणि मग आत जावं की आधी आत जावं आणि मग बसावं, हे ठरवता येईना. शाळेजवळच्या गतिरोधकावर गाडीचं पोट असं घासलं की आत बसलेल्या तिघांनी आपापले पाय वर घेतले. पाण्याच्या टाकीला एक गोल चक्कर मारून चष्मेवाल्यानं गाडी बाजूला घेतली, मागे वळला आणि दुकानातला तो मऊ, कुणाची बाजू न घेणारा आवाज काढून विचारलं, "हे बरं, की आधीचं?" बायको म्हणाली, आधीचं. सासरेही म्हणाले, आधीचं. चष्मेवाल्याचं स्वतःचं मतही तेच होतं, म्हणून वाद झाला नाही.

मग शॉकअप आले. गाडी हेलकावायची थांबली खरी, पण रस्त्यावरचा एकेक खडा आता वर येऊन आपली ओळख सांगू लागला. बायकोच्या एका कानातलं निसटून सीटखाली गेलं. सासऱ्यांची कवळी तोंडात अशी वाजू लागली की "डावं" म्हटलंय की "उजवं" हे कुणालाच समजेना, आणि प्रत्येक जण आपापल्या समजुतीप्रमाणे झुकला. टाकीच्या चकरेनंतर पुन्हा तोच प्रश्न झाला. दोघांनीही पुन्हा आधीचं म्हणून सांगितलं.

तिसरा तो दांडा. उस्तादनं तो बसवला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर, नाही म्हटलं तरी, थोडी माया होती. चष्मेवाला मंडळींना घेऊन निघाला. पाण्याची टाकी आली, सासऱ्यांनी घसा साफ केला, "डावं" म्हणाले, आणि तिघांनीही जीव खाऊन डावीकडे अंग टाकलं. गाडी मात्र कललीच नाही. ती इस्त्री केल्यासारखी सपाट वळली. ज्या कलण्याविरुद्ध झुकायचं ते कलणंच नाही म्हटल्यावर बायकोचं डोकं काचेवर आपटलं, चष्मेवाला गिअरच्या दांड्यावर पडला, आणि सासरे सीटवरून घसरत दाराला असे चिकटले की त्यांना वळण संपेपर्यंत सुटता आलं नाही. बाहेरून पाहणाऱ्याला एक सरळ गाडी आणि तिच्यात सांडलेली माणसं दिसली असती.

चष्मेवाल्याचा आनंद पोटात मावेना. त्यानं कसाबसा आवाज मऊ ठेवून विचारलं. बायको डोकं चोळत होती, ती बोलून गेली, हे फारच बरं. मग तिनं जीभ चावली. मागे सासरे दारापासून सुटले, त्यांनी शर्ट खाली ओढला आणि म्हणाले, "आधीचं."

इथे चष्मेवाल्याची सटकली. बाबा, गाडी कलली का, असं त्यानं विचारलं. नाही कलली, सासऱ्यांनी मान्य केलं. मग आधीचं बरं कसं? सासरे म्हणाले, तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं, मला जे वाटलं ते वाटलं. यावर काय बोलणार? गिऱ्हाईक म्हणतं दिसत नाही, तर दिसत नाही.

पण चष्मेवाला कच्च्या गुरूचा चेला नव्हता. गिऱ्हाईक खरं सांगतंय की घाबरून काहीतरी ठोकून देतंय, हे ओळखायची त्याच्या धंद्यात एक युक्ती आहे. काच बदलल्यासारखं करायचं, आवाज करायचा, आणि आधीचीच काच पुन्हा घालायची. दुसऱ्या दिवशी त्यानं उस्तादला तो दांडा काढायला लावला. स्प्रिंगा मूळच्या, शॉकअप मूळचे, दांडा नाही. गाडी पहिल्यासारखी तंतोतंत वाकडी. घरी मात्र त्यानं सांगितलं की उस्तादनं आज चौथी एक वस्तू बसवली आहे आणि ती सगळ्यात भारी आहे.

टाकी आली. सासऱ्यांच्या तोंडून "डावं" निघालं, गाडी जुन्या सवयीनं बाहेर कलली, तिघं आत झुकली आणि वळण गोडीगुलाबीनं पार पडलं. कुणी आपटलं नाही, कुणी सांडलं नाही. आरशात चष्मेवाल्याला सासऱ्यांचा चेहरा दिसत होता. तो चेहरा उजळला होता. पण गाडीत बसण्यापूर्वीच त्यांनी उत्तर ठरवून ठेवलं होतं, आणि ठरवलेला शब्द फिरवणाऱ्यांतले ते नव्हते. हे बरं की आधीचं, असं विचारल्यावर ते शांतपणे म्हणाले, "आधीचं."

संध्याकाळी चहाच्या वेळी चष्मेवाल्यानं बाजी मारली. बाबा, सापडलात, तो म्हणाला, आणि त्यानं सगळी युक्ती उलगडून सांगितली. आजची गाडी म्हणजे आपली जुनीच गाडी होती. बाबांनी तिच्यापेक्षा आधीचं बरं म्हटलं. आधीचं म्हणजे कालचं, आणि कालचं म्हणजे दांडा. तेव्हा बाबांच्या स्वतःच्या तोंडून दांडा पास झाला आहे. बायको टेबलाखालून त्याच्या पायावर पाय देत होती. त्याला वाटलं तिला जागा हवी आहे, म्हणून त्यानं पाय जवळ घेतले.

सासऱ्यांनी कपातला चहा संपवला आणि कप विसळून ठेवला. मग म्हणाले, "बसवा तो दांडा. गाडी सुधारत असेल तर सुधारू दे." आणि खोलीत गेले. थोड्या वेळानं फरशीवरून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. तो पलंगाखालची बॅग ओढल्याचा होता. परत येऊन त्यांनी सांगितलं की रविवारी तुम्ही डोंगरावर जालच, तर जाताना मला एसटी स्टँडवर सोडा.

चष्मेवाला बायकोकडे बघत राहिला. ती भांडली असती तर बरं झालं असतं, पण ती हळू बोलली.

"तुम्ही दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावता. घरात एवढं मोठं अक्षर होतं, ते दिसलं नाही? बाबा गाडीमुळे राहिलेत."

मग आधीच सांगायचं होतंस, असं तो म्हणाला. त्यावर ती म्हणाली की सांगितलं असतं तर ते त्यांनाही ऐकू गेलं असतं, आणि मग ते त्याच दिवशी निघाले असते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. चष्मेवाल्याला स्वतःची लाज वाटली. त्याला सासरे आवडत होते. संध्याकाळी दुकानातून घरी आल्यावर दार उघडायला ते असायचे, आज किती डोळे झाले असं विचारायचे, आणि उत्तर ऐकून निम्मे करा म्हणजे माणसं झाली असं दर वेळी म्हणायचे. हा विनोद आता बंद होणार होता. असला फालतू विनोद आपल्याला इतका हवा असेल, हे त्याला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

दांडा बसवायचाच नाही, असं त्यानं ठरवून पाहिलं. पण सासरे रोज विचारायचे, बसवला का? आणि गाडी मुद्दाम वाकडी ठेवून त्यांना त्यात बसवणं म्हणजे पुन्हा तेच स्टूल देणं झालं असतं. शेवटी तो उस्तादकडे गेला. गाडी सरळही व्हावी आणि तरीही मागे एक माणूस बसल्याशिवाय तिचं चालू नये, असं काही करता येईल का, असं त्यानं विचारलं. उस्ताद गाडीखालून पट्ट्याच्या चष्म्यासकट बाहेर आला आणि त्यानं हातातला पाना खाली ठेवला. गाडी वाकडी करून द्या म्हणणारं आजवर कुणी आलेलं नाही, तो म्हणाला. जमेल कदाचित, पण हात वळणार नाहीत. मग त्यानं दांडा बसवून टाकला.

रविवारी सासऱ्यांची बॅग डिकीत गेली. सासरे मागच्या सीटवर बसले, पण डाव्या टोकालाही नाही आणि उजव्याही नाही, बरोबर मध्ये, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. गाडी निघाली. टाकी आली आणि गेली. शाळेचं वळण आलं आणि गेलं. मागून ना घसा साफ केल्याचा आवाज, ना हुकूम. गाडी एखाद्या शहाण्या मुलासारखी वळत होती, स्टिअरिंग हातात लोण्यासारखं फिरत होतं. गेली कित्येक वर्षं चष्मेवाल्याला हेच हवं होतं, आणि ते मिळालं त्या दिवशी त्याला रडू येत होतं.

गावाबाहेर रस्ता फुटतो. सरळ गेलं की स्टँड, उजवीकडे वळलं की डोंगर. फाट्याच्या अलीकडे चष्मेवाल्यानं गाडी थांबवली. मागे न बघता, आरशात बघत बोलला.

"बाबा, गाडी आता सरळ चालते. तुमचं काम उरलेलं नाही, याबाबत मी खोटं बोलणार नाही. पण गाडी मी साडूच्या तोंडावर मारायला सुधारली, तुम्हाला घालवायला नाही. काम नसताना राहाल का?"

"नुसतं बसून?"

"नुसतं बसून."

सासरे आरशातल्या त्याच्या डोळ्यांकडे पाहत होते. म्हणाले, "मी नुसतं बसून पाहिलंय, जावईबापू. स्टुलावर. लोक खांद्यावरून हात घालतात. वाईट असतं ते."

मागे एक ट्रक येऊन भोंगा वाजवू लागला. बायको डोळे पुसत म्हणाली की बाबा, ताई वाट बघतेय, जेवून घ्या, स्टँडवर संध्याकाळचीही एसटी असते. ट्रकवाल्यानं पुन्हा भोंगा वाजवला. सासऱ्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही, तेव्हा चष्मेवाला डोंगराकडे वळला.

डोंगराची वळणं म्हणजे या कुटुंबाचं रविवारचं खरं काम. एरवी इथे सासऱ्यांचा आवाज टिपेला पोचलेला असायचा. आज एकामागून एक वळणं मुक्यानं जात होती. बायकोचं अंग प्रत्येक वळणावर थोडं हलायचं आणि मग तिला आठवायचं. चष्मेवाल्याला ती शांतता सोसवेना. त्यातच वर बाल्कनी दिसली. साडू कोपर टेकून उभा होता. शेवटचं वळण आलं, चांगलं मोठं, डाव्या हाताचं, आणि चष्मेवाल्याचा बांध फुटला. दोन वर्षांत त्यानं जे केलं नव्हतं ते केलं. सगळी ताकद लावून तो ओरडला, "उजवं!"

हात डावीकडे वळले, तोंड उजवीकडे गेलं. बायको इमानानं उजवीकडे झुकली आणि त्याच्या खांद्यावर आदळली. तो दारावर गेला आणि स्टिअरिंगही त्याच्याबरोबर ओढलं गेलं. गाडी पांढऱ्या कठड्याकडे सरकली, आणि मागून कचेरीच्या सगळ्या मजल्यांवर ऐकू जावा असा आवाज आला.

"डावं! जावईबापू, डावं!"

सासरे सीटच्या मध्यावरून निघाले आणि डाव्या टोकाला जाऊन आदळले. बायको डावीकडे गेली, चष्मेवाला डावीकडे लोंबकळला. गाडी पुन्हा आपल्या जागी आली. पाटासारख्या सपाट गाडीत तीन माणसं एका बाजूला ओणवी होऊन साडूच्या बाल्कनीखालून गेली.

गाडी थांबल्यावर सासऱ्यांनी जावयाला फैलावर घेतलं. तुम्हाला अजून डावं-उजवं कळत नाही, म्हणाले. गाडी सरळ झाली म्हणून काय झालं, चालवणारा सरळ आहे का? उद्या कुणी रस्ता विचारला तर सांगाल डावीकडे आणि जाईल तो दरीत. चष्मेवाला मान खाली घालून ऐकत होता. नाही कळत, बाबा, म्हणाला. खरंच नाही कळत. आणि हे त्या दिवशी त्यानं बोललेलं सगळ्यात खरं वाक्य होतं.

साडू जिना उतरून आला होता. त्यानं गाडीभोवती फेरी मारली, वाकून खाली पाहिलं. गाडी सरळ आली हे त्याला नाकारता येईना. तरी तो म्हणाला, गाडी सरळ दिसली, पण माणसं तिरकी दिसली, माझा नंबर वाढला वाटतं. सासऱ्यांनी शर्टाची कॉलर नीट केली. ते म्हणाले, गाडी सुधारलीय, आम्ही अजून आहोत तसेच आहोत.

जेवताना स्टँडचा विषय कुणी काढला नाही. चष्मेवाल्याच्या मनात तो सारखा येत होता, पण विचारायची हिंमत होईना. उतरताना प्रत्येक वळणावर मागून हुकूम येत होता आणि प्रत्येक वळणावर तिघं विनाकारण झुकत होती. बायकोचं डोकं डाव्या वळणावर दर वेळी काचेला लागत होतं आणि ती पिशवी डोक्याशी धरून हसत होती. सासरे गुळगुळीत सीटवरून या टोकाचे त्या टोकाला जात होते, आणि डिकीतली बॅगही त्यांच्या मागोमाग इकडून तिकडे सरकत असल्याचं ऐकू येत होतं.

डोंगराच्या पायथ्याशी फाटा आला. इथून उजवीकडे स्टँड, डावीकडे घर. चष्मेवाल्यानं गाडी हळू केली, अगदी थांबवलीच. काहीही विचारलं नाही. हात स्टिअरिंगवर ठेवून वाट बघत राहिला.

मागे घसा साफ केल्याचा आवाज झाला.

"डावं."

तिघं डावीकडे झुकली, आणि गाडी घराकडे वळली.